हक्काची वाट कोठे अडते : वृद्धांच्या सरकारी लाभांची पाहणी कशी करावी

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर या गावाला पुणे जवळ आणि करमाळा लांब, असा अनुभव तेथील पुष्कळांना येत असेल. कारण आगगाडी गावातून जाते, पण तालुक्याचे ठाणे असलेले करमाळा लोहमार्गापासून बाजूला पडते, प्रांताची कचेरी कुर्डुवाडीला आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांचे दप्तर त्याहून पुढे सोलापुरात. धडधाकट माणसाला ही अंतरे जाणवत नाहीत. परंतु ज्याच्या गुडघ्यांनी साथ सोडली आहे, ज्याला पाटीवरची अक्षरे दिसत नाहीत आणि ज्याला एसटीत चढताना कोणाचा तरी हात धरावा लागतो, अशा सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एका दाखल्यासाठी तालुक्याला जाणे म्हणजे घरातल्या कोणा तरी कमावत्या माणसाचा दिवस आणि मजुरी दोन्ही खर्ची घालणे होय. आणि हेलपाटा वाया गेला की दुसऱ्यांदा तशी गळ घालण्याचे धैर्य त्याला सहसा होत नाही. सरकारने जे द्यायचे ठरविले आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातात प्रत्यक्षात जे पडले, त्यांच्यामध्ये जे अंतर राहते, ते अशाच वाटांवर पडलेले असते.

हे अंतर मोजावे, त्याची कारणे शोधावीत आणि ती दूर करण्यास उपयोगी पडेल अशा रीतीने मांडावीत, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यकर्ते, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, ग्रामपंचायतीचे सदस्य, निवृत्त शिक्षक, यांपैकी कोणालाही ही पाहणी करता येईल. तिला मोठा पैसा लागत नाही. चिकाटी, नीट आखलेली वही आणि ऐकून घेण्याची तयारी लागते. मात्र आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. लाभ न मिळण्याचे कारण वृद्धाच्या अज्ञानात किंवा आळसात शोधण्याची जी सवय आपल्या सुशिक्षित समाजाला जडली आहे, ती सोडल्याखेरीज या कामाला हात घालू नये. म्हातारी माणसे अडत नाहीत, त्यांचा अर्ज अडतो. आणि तो नेमका कोणत्या पायरीवर अडला हे दाखवून देणे, एवढेच या पाहणीचे काम आहे.

प्रथम हक्क कोणता ते समजून घ्यावे

वृद्धापकाळी राज्याने आपल्या आर्थिक शक्तीच्या मर्यादेत नागरिकाला साहाय्य करावे, हे भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात मार्गदर्शक तत्त्व म्हणून नोंदलेले आहे. महाराष्ट्रात त्या तत्त्वाला व्यवहारी रूप येऊ लागले ते १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेने. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला आणि त्यात वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपयांचे केंद्रीय साहाय्य ठरविले. आज जेऊरच्या वृद्धाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे पासष्ट वर्षे व त्याहून अधिक वयाच्या निराधारांसाठी असलेली श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना होय. तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, अर्जदार किमान पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो, आणि २०२३ साली झालेल्या वाढीनंतर तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये आहे. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे, त्यांच्या बाबतीत या रकमेत केंद्राचा इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा हिस्सा समाविष्ट असतो.

याखेरीज २०२४ च्या फेब्रुवारीत मंजूर झालेली मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, जिच्यातून पासष्ट वर्षांवरील व दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून लागू झाले आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील प्रवाशांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयात निम्मे भाडे पडते. आईवडिलांच्या चरितार्थासाठी २००७ चा कायदा आहे, ज्याखाली प्रांत अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

पाहणीस निघण्यापूर्वी या प्रत्येक योजनेचा चालू शासन निर्णय मिळवून त्यातील वय, उत्पन्न, कागदपत्रे आणि मंजुरी देणारा अधिकारी यांचा एक तक्ता करावा. कारण अटी व रकमा बदलत असतात, आणि पाहणी करणाऱ्यालाच हक्क ठाऊक नसेल तर समोरच्याचा हक्क बुडाला आहे हे त्याला कळणार नाही.

यादीबाहेरच्या माणसाकडे जावे

गावांची घरोघर पाहणी करण्याची परंपरा आपल्या प्रांताला नवी नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची जमीन, कर्ज आणि मजुरी घरागणिक तपासून १९१७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९३० साली धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या पुण्याच्या गोखले संस्थेने ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. या परंपरेतून घेण्याजोगा धडा असा की, कचेरीतील कागद हा पाहणीचा आरंभ असू शकतो, पण तिचा आधार नव्हे. ज्याला निवृत्तिवेतन मिळते त्याचे नाव तहसीलच्या यादीत असते. ज्याला मिळायला हवे पण मिळत नाही, त्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. म्हणून जो केवळ लाभार्थ्यांची यादी घेऊन घरोघर फिरेल, त्याला सगळे सुरळीत चालले आहे असेच आढळेल.

यावर उपाय सोपा आहे. मतदारयादीत प्रत्येकाचे वय छापलेले असते. ती घेऊन साठ वर्षांवरील सर्वांची एक मूळ यादी तयार करावी, आणि नंतर ती गावठाणातच न तपासता वाड्या-वस्त्यांवर, शेतातल्या घरांवर, गावाच्या कडेला असलेल्या पालांवर जाऊन तपासावी. उजनी धरणाच्या पाण्याने भीमाकाठच्या ज्या कुटुंबांना १९७० नंतरच्या दशकात मूळ गाव सोडावे लागले, त्यांच्यातील वृद्धांची विशेष चौकशी करावी. त्यांचे जुने कागद स्थलांतरात हरवले असण्याचा आणि नव्या गावातील नोंदी अर्धवट असण्याचा संभव अधिक. ऊसतोडीला मुले-सुना गेल्यावर नातवंडांसह मागे राहणारी आजी-आजोबांची घरे, मुलाकडे पुण्याला काही महिने आणि गावी काही महिने राहणारी माणसे, परित्यक्ता व विधवा स्त्रिया, आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण, हे चार वर्ग साध्या पाहणीतून हमखास निसटतात. त्यांच्यासाठी वहीत आधीच जागा राखून ठेवावी.

मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीची नोंद पाच प्रकारांत करावी : लाभ चालू आहे, चालू होता पण बंद पडला, अर्ज केला पण निकाल लागला नाही, अर्ज नामंजूर झाला, अर्जच केला नाही. यांत सहाव्या प्रकाराची भर घालावी लागते आणि ती घालताना मन जड होते. अर्ज प्रलंबित असतानाच जे निवर्तले, त्यांची हकीकत घरच्यांकडून लिहून घ्यावी. त्यांच्या वाट्याला आलेला विलंब कोणत्याही सरासरीत दिसत नाही.

पायरी पायरीने वाट तपासावी

आता मुख्य कामाकडे वळू. अर्ज मनात आल्यापासून रक्कम हातात पडेपर्यंत ज्या पायऱ्या येतात, त्या एकेक घेऊन प्रत्येक पायरीवर काय घडले ते विचारावे. ‘अडचण काय आली?’ या मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येते. ‘त्यानंतर तुम्ही कोठे गेलात, कोण भेटले, ते काय म्हणाले, तुम्ही काय दिले, त्यांनी काय दिले?’ असे विचारीत गेले की आजीबाई किंवा तात्या आपण होऊन सारा मामला उलगडून सांगतात.

पहिली पायरी माहितीची. योजना ठाऊक होती का, कोणाकडून कळली, आणि ‘तुमचं बसत नाही त्यात’ असे कोणी परस्पर सांगून टाकले का, हे विचारावे. कागद न पाहताच तोंडी दिलेला नकार दप्तरात कधीही उमटत नाही, आणि म्हणून तो शोधण्याचे दुसरे साधन नाही.

दुसरी पायरी वयाच्या पुराव्याची. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला असणार नाही, आणि त्या पिढीतील असंख्य स्त्रियांचा जन्म कोठेही नोंदला गेलेला नाही. अशा वेळी जन्मनोंदीचा उतारा, शिधापत्रिकेतील किंवा मतदारयादीतील वय, अथवा ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला, हे पर्याय नियमांत ठेवलेले आहेत. ते अर्जदाराला सांगितले गेले का, हा महत्त्वाचा प्रश्न होय. आधारपत्रावर अंदाजाने लिहिलेले आणि बहुधा १ जानेवारी ही तारीख धारण करणारे जन्मवर्ष खऱ्या वयापेक्षा कमी असेल, तर तेवढ्यावरून माणूस वर्षानुवर्षे पात्रतेबाहेर राहतो. खऱ्या वयाचा अदमास पाहणी करणाऱ्याने घटनांवरून बांधावा. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या वेळी तुम्ही केवढ्या होतात, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा लग्न झाले होते का, थोरला मुलगा उजनीचे पाणी अडण्याआधीचा की नंतरचा, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नातवंड होते का, असे प्रश्न विचारले की वय आपोआप समोर येते. जिचे पहिले मूल बहात्तरच्या दुष्काळाआधी जन्मले, ती आज पासष्टच्या आत असणे शक्य नाही. तिच्या आधारपत्रावर काहीही लिहिलेले असो.

तिसरी पायरी उत्पन्नाच्या दाखल्याची, आणि माझ्या मते सर्वांत अवघड पायरी हीच. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातील एकाच माणसाने वर्षात एकाहत्तर दिवस सरकारी दराने काम केले तरी ते कुटुंब या मर्यादेच्या बाहेर जाते. मर्यादा इतकी खाली असली की दोन गोष्टी घडतात : सरळ बोलणारा माणूस अपात्र ठरतो, आणि पात्र ठरण्यासाठी माणसाला आपली मिळकत कमी सांगावी लागते किंवा कोणाच्या तरी मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागते. शिवाय ‘कुटुंब’ कोणाला म्हणावे हाही प्रश्न आहे. मुलगा वेगळा राहतो, आईला पाहत नाही, पण शिधापत्रिका एकच आहे. अशा आईच्या माथी मुलाचे उत्पन्न मारले जाते. म्हणून चूल वेगळी आहे का, शिधापत्रिका विभक्त झाली आहे का, आणि नसल्यास का नाही, हे स्वतंत्रपणे नोंदवावे. दारिद्र्यरेषेची यादी २००२ सालच्या पाहणीवर आधारलेली असल्याने त्यानंतर विपन्नावस्थेत आलेली घरे तिच्यात नसतात, याचेही भान ठेवावे.

चौथी पायरी अर्ज दाखल करण्याची. अर्ज सेतू केंद्रात भरला की खासगी केंद्रात, किती पैसे पडले, छापील पावती मिळाली का, कोणाला मध्यस्थ घालावे लागले का, हे विचारावे. आणि पावती मिळाली असेल तर ती पाहून तारीख टिपून घ्यावी. पोच नसली की अर्ज दाखल केला होता हे सिद्ध करणे कठीण जाते, म्हणून पोच मिळाली की नाही हा एकच प्रश्न पुष्कळ गोष्टींचा उलगडा करतो. जेऊर या नावाचे दुसरे गाव याच जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यातही आहे, हे ध्यानात घेऊन प्रत्येक कागदावर तालुका स्पष्ट लिहिलेला आहे ना, तेही पाहावे.

पाचवी पायरी मंजुरीची. हे अर्ज तालुक्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजना समितीपुढे ठेवले जातात आणि तहसील कचेरीतील संबंधित शाखा त्यांची छाननी करते. समितीची बैठक केव्हा झाली, अर्ज त्रुटीसाठी परत आला असल्यास त्रुटी लेखी कळविली का, नामंजुरीचे कारण अर्जदाराला समजेल अशा भाषेत सांगितले का, हे पाहावे. संजय गांधी योजनेतील लाभार्थी पासष्टी ओलांडून श्रावणबाळ योजनेत जाताना मध्ये खंड पडला का, याचीही चौकशी करावी.

सहावी पायरी पैसे हातात येण्याची. आता रक्कम थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, आणि यामुळे मधल्या मध्ये पैसे गळण्याचा संभव घटला हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नवी पद्धत नवे अडथळे घेऊन आली आहे. आधारपत्रावरचे नाव एक आणि पासबुकावरचे दुसरे. खाती दोन आणि आधार जोडलेले तिसऱ्याच विसरलेल्या खात्याला. केवायसी न झाल्याने खाते गोठलेले. मोबाइल क्रमांक नातवाचा आणि नातू कामाला चाकणला. सर्वांवर कडी म्हणजे जन्मभर खुरपणी, मोळ्या बांधणे आणि भांडी घासणे यांत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. ‘अंगठा लागत नाही’ ही तक्रार ज्या हातांनी सर्वाधिक कष्ट केले त्यांच्याच वाट्याला यावी, याहून मोठा अन्याय कोणता? अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय दिली गेली का, हे विचारून लिहावे.

सातवी पायरी लाभ टिकविण्याची. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो देण्यास कोठे जावे लागले, न गेल्यामुळे लाभ थांबला का, थांबल्याचे कोणी कळविले का, आणि पुन्हा सुरू होण्यास किती महिने गेले, हे पासबुकातील शेवटच्या जमा नोंदीशी ताडून पाहावे. स्मरणशक्ती चुकू शकते. पासबुकातील नोंद सहसा चुकत नाही.

कसे विचारावे आणि काय जपावे

विचारण्याची वेळ माणसाच्या सोयीची असावी. सकाळी कामाच्या गडबडीत किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नये. योजनेचे लांबलचक सरकारी नाव घेण्यापेक्षा गावात चालते त्या शब्दांत, ‘निराधारचा पगार चालू आहे का?’ असे विचारावे. आजी, मावशी, अण्णा, तात्या, ज्या नात्याने त्या घरी हाक मारली जाते त्याच नात्याने बोलावे. सुनेसमोर सासू आणि मुलासमोर बाप मोकळेपणाने बोलत नाहीत. विशेषतः आलेली रक्कम कोण काढून आणते आणि ती कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न एकांतातच विचारावा. तेथे काही पिळवणूक आढळली तर कुटुंबाशी वाद घालू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आणि प्रांताकडील न्यायाधिकरण यांची माहिती त्या व्यक्तीला द्यावी आणि पुढचे पाऊल तिच्या इच्छेवर सोडावे.

काही वृद्ध, विशेषतः पुरुष, अर्ज न करण्याचे कारण सांगताना ‘पोरगं असताना सरकारापुढं हात कशाला पसरायचा’ असे म्हणतात. हा स्वाभिमान समजून घ्यावा. ब्रिटनमध्ये डोरोथी कोल आणि जॉन अटिंग यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही हक्काचे साहाय्य न मागणारे वृद्ध मोठ्या संख्येने आढळले होते. म्हणजे ही भावना एका देशाची किंवा एका गावाची नव्हे. ती खोडून न काढता एवढेच सांगावे की, ज्याने आयुष्यभर शेत पिकविले, रस्ते बांधले, मुले वाढविली, त्याला मिळणारे निवृत्तिवेतन ही भीक नसून समाजाने फेडावयाचे ऋण आहे. हाच विचार घेऊन बाबा आढाव, अरुणा रॉय आदी कार्यकर्त्यांनी पेन्शन परिषदेच्या रूपाने असंघटित श्रमिकांच्या सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची मागणी देशापुढे मांडली.

आता सर्वांत काळजीचा मुद्दा. पाहणी करणाऱ्याच्या वहीत उत्पन्नाची खरी माहिती येते, आणि वर सांगितल्याप्रमाणे उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे की, त्या खऱ्या माहितीमुळेच एखाद्याचा चालू लाभ बंद होऊ शकतो. ज्याच्या भल्यासाठी निघालो त्याचाच घास आपल्या हातून काढला जाऊ नये. म्हणून नावांची वही आणि उत्तरांची वही वेगळी ठेवावी, दोहोंना जोडणारा क्रमांक फक्त एका जबाबदार व्यक्तीपाशी असावा, आणि अहवालात कोणाचेही नाव येऊ नये. आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक उतरवून घेऊ नये, कागदांची छायाचित्रे काढू नयेत, कोणाचाही अंगठा कशावरही घेऊ नये. संमती तोंडी विचारावी आणि नकार आला तर नमस्कार करून उठावे. ‘आम्ही पगार चालू करून देतो’ असे आश्वासन चुकूनही देऊ नये. खोट्या आश्वासनांची त्या माणसाला आयुष्यात वाण पडलेली नाही.

कचेरीची बाजूही ऐकावी

एकाच बाजूची कैफियत ऐकून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. तलाठी, ग्रामसेवक, नायब तहसीलदार, पोस्टमास्तर, गावात पैसे वाटणारा बँकमित्र, सेतू केंद्राचा चालक, या सर्वांना आदरपूर्वक भेटावे. एका कारकुनाकडे किती गावांचे अर्ज आहेत, संगणकाची यंत्रणा किती वेळा बंद पडते, अनुदान वरून उशिरा आले तर रोष कोणाला सोसावा लागतो, हे त्यांच्याकडून समजून घेतले की, अडथळा व्यक्तीचा आहे की व्यवस्थेचा हे कळू लागते.

आकडे मात्र लेखी मागावेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून, गेल्या तीन वर्षांत गावातून आलेले, मंजूर झालेले, नामंजूर झालेले व प्रलंबित असलेले अर्ज, नामंजुरीची कारणे, समितीच्या बैठकांच्या तारखा आणि बंद केलेल्या लाभांची संख्या मागता येते; तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे, न मिळाल्यास पहिले अपील करता येते. व्यक्तींची नावे मागू नयेत. संख्या व कारणे पुरेशी आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांना महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत घालून दिलेली आहे आणि विलंबाविरुद्ध अपिलाचा मार्गही दिला आहे. त्या मुदती आणि पाहणीत आढळलेल्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की वादाला जागा राहत नाही.

निष्कर्षांची मांडणी आणि पुढचे काम

अहवाल लिहिताना अडथळ्यांची केवळ जंत्री देऊ नये. कोणता अडथळा कोणाच्या हातून दूर होण्याजोगा आहे, त्याप्रमाणे त्यांची विभागणी करावी. शिधापत्रिका विभक्त करण्यासाठी मदत, खात्याची केवायसी, नावातील तफावत, पोच मागण्याची सवय, ही कामे गावातच होऊ शकतात. गावात शिबिर भरविणे, अंथरुणाला खिळलेल्यांची पडताळणी घरी जाऊन करणे, नामंजुरीची कारणे लेखी देणे, समितीच्या बैठका वेळेवर घेणे, हे तालुक्याच्या अखत्यारीत आहे. उत्पन्नाची मर्यादा वाढविणे मुंबईच्या हाती आहे; आणि केंद्राचा साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठीचा दरमहा २०० रुपयांचा हिस्सा दीड दशकाहून अधिक काळ जेथल्या तेथे आहे, तो वाढविणे दिल्लीच्या हाती. काठीसाठी दोन लाखांची मर्यादा आणि भाकरीसाठी एकवीस हजारांची, ही विसंगती एका गावाच्या पाहणीतूनही ठळकपणे दाखविता येते.

अहवाल छापून कपाटात ठेवण्यासाठी नसतो. तो आधी ग्रामसभेत, ज्यांनी माहिती दिली त्यांच्यासमोर, सोप्या मराठीत वाचून दाखवावा. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या त्यात घालाव्यात. मगच त्याची प्रत तहसीलदारांकडे रवाना करून बारनिशीत नोंद झाल्याची पोच घ्यावी. ज्यांची प्रकरणे सुटण्याजोगी आढळली त्यांना कोणाकडे जावे हे त्यांच्या संमतीने सांगावे, आणि सहा महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जाऊन काय बदलले ते टिपावे. ही दुसरी फेरी बहुतेक पाहण्यांत राहून जाते. पण पहिल्या फेरीत जमविलेली माहिती खरोखर उपयोगी पडली की नाही, याचा निवाडा तीच करते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्ती एक कोटीहून अधिक होत्या, आणि तेव्हापासून ही संख्या वाढतच गेली आहे. एवढ्या मोठ्या समूहाचा प्रश्न एका गावाच्या वहीने सुटणार नाही, हे खरे. परंतु राज्याचा आकडा पाहून कोणालाही नेमके काय करावे हे कळत नाही; उलट एका गावातील अमुक इतक्या माणसांचे अर्ज अमुक पायरीवर, अमुक कारणाने, अमुक दिवस थांबले, असे तारखांसह समोर आले की त्या पायरीवरील अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते, आणि शेजारच्या गावालाही तशीच वही घालावीशी वाटते. जेऊरमध्ये हे काम करणारी चार माणसे निघाली, तर केम, वाशिंबे, पारेवाडी या गावांतही ती निघतील. काम आजच सुरू करावे. ज्यांच्यासाठी ते करावयाचे, त्यांच्यापाशी थांबण्याइतका अवधी नाही.